बायकोची भिशी आणि खालच्या मजल्याचं छत

२०२३ साल. मला एकाहत्तर पूर्ण झालेली, आणि त्या दिवसापर्यंत मी कोणाचा एक रुपया देणं लागत नव्हतो. ही गोष्ट मी रोज कोणाला ना कोणाला सांगायचो. दूधवाल्याला, वॉचमनला, बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला. त्यांनी विचारलेलं नसायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. त्या जोरावर कोपरीत एक खोली घेतली, ती भाड्याने दिली, आणि डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर ही दोन खोल्यांची जागा घेतली. घर चालायचं ते त्या खोलीच्या भाड्यावर आणि पेन्शनवर. पेन्शन एवढीशी, की ती ऐकून बँकेतली मुलगीसुद्धा क्षणभर टाइप करायची थांबते.

पैसे कसे राखायचे हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझी पद्धत होती पाकिटांची. लग्नाच्या पत्रिका येतात त्यांची पाकिटं मी फेकत नाही. वर गणपती छापलेला असतो, कागद जाड असतो. एकेका पाकिटावर पेनाने लिहायचं : लाइट, गॅस, किराणा, औषध, प्रवास, दुरुस्ती, आहेर. एक तारखेला पैसे वाटून टाकायचे. आणि नियम एकच. एका पाकिटातला रुपया दुसऱ्या पाकिटात जाणार नाही. एकदा औषधाचं पाकीट सत्तावीस तारखेलाच रिकामं झालं, तेव्हा मी चार दिवस खोकत काढले. आहेराच्या पाकिटात सातशे रुपये पडून होते. बायको बोलली, "अहो, त्यातले घ्या ना." मी बोललो, "ते दुसऱ्याच्या लग्नाचे आहेत." त्या महिन्यात कोणाचंही लग्न नव्हतं, तो भाग वेगळा.

'अचानक' असं पाकीट मी केलं नव्हतं. माझं मत असं होतं की अचानक खर्च हा बेशिस्त माणसांच्या घरी येतो.

बाकी शिल्लक एक लाख, ती मी आदल्या वर्षी बँकेत ठेवली. त्याची हकीकत सांगायला पाहिजे, कारण पुढे ती नडली. बँकेतल्या मुलीने मला चार-पाच प्रकारच्या एफडी वाचून दाखवल्या. मी प्रत्येकाला विचारत होतो, "मोडता येते का?" ती सांगायची, "हो काका, कधीही." मग मी नको म्हणून मान हलवायचो. शेवटी ती बोलली, "एक आहे, पाच वर्षं अजिबात मोडता येत नाही. पण ती टॅक्स वाचवायला असते. तुम्हाला टॅक्स लागतो का?"

"माझ्या पेन्शनवर टॅक्स लावला तर सरकारलाच लाज वाटेल."

"मग ही कशाला घेता?"

"मोडता येत नाही ना? हीच द्या."

तिने माझ्याकडे बघितलं, मागच्या साहेबाकडे बघितलं, आणि फॉर्म दिला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की आपले पैसे आता असे ठेवलेत की आपल्यालासुद्धा मिळणार नाहीत. ती कोथिंबीर निवडत होती. बोलली, "छान."

तिची स्वतःची एक भिशी होती. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या दहा बायका, दर महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, दुसऱ्या शनिवारी दुपारी आमच्याकडे जमायच्या. ज्यांना अजून रक्कम मिळालेली नाही त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या स्टीलच्या वाटीत टाकायच्या, एक उचलायची, जिची निघेल तिला त्या महिन्याचे वीस हजार. बावीस वर्षं चाललेलं. वही माझ्या बायकोकडे. ती साड्यांना फॉल-पिको करते, त्यातून तिचा हप्ता निघायचा. तो पैसा मी कधी पाकिटात धरला नाही, कारण तो माझ्या मते पैसा नव्हता, बायकांचा विरंगुळा होता. भिशीला मी नाव ठेवलेलं, चहा-चिवडा बँक. त्या शनिवारी मी बागेत जाऊन बसायचो.

आदल्या वर्षी तिची चिठ्ठी निघाली तेव्हा मिक्सर आणणार होती. आमच्या मिक्सरचं झाकण बसत नाही, चटणी होईपर्यंत ते दाबून धरायचं काम माझ्याकडे. चिठ्ठी निघाली, मिक्सर आला नाही. मी विचारलं, "काय, बँक बुडाली वाटतं." ती काही बोलली नाही. मला तेवढंच पाहिजे होतं. मी महिनाभर तोच विनोद केला.

आता नळाकडे येतो.

बाथरूमचा नळ ठिबकायला लागला. बिल्डिंगचा प्लंबर आला, बघून बोलला, नळ बदलावा लागेल, मजुरीचे सातशे. एकतीस वर्षं मी लोखंडाचे पाइप जोडले, आणि हा मला एका नळाचे सातशे सांगतो. मी त्याला दारातूनच परत पाठवला. जाताना तो बोलला, "काका, आतलं फिटिंग प्लास्टिकचं आहे बरं का. हाताने आवळा, पान्हा लावू नका." हे मला सांगतो. मी पहिला पान्हा हातात धरला तेव्हा त्याचा बाप पण जन्मला नसेल.

समोरच्या दुकानात नळ तीनशे ऐंशीला होता. मी कल्याणला गेलो, तिथे तीनशे चाळीसला मिळाला. जाता-येता बस-रिक्षाला छप्पन रुपये गेले, पण ते प्रवासाच्या पाकिटातले, दुरुस्तीच्या नाही. दुरुस्तीच्या पाकिटात चाळीस रुपये वाचले ते वाचलेच.

घरी येऊन मी आट्यांना लावायची सुतळी आणि सफेदा काढला. आजकाल पांढरी टेप गुंडाळतात, मला ते बँडेज वाटतं. सुतळी गुंडाळली, सफेदा लावला, नळ बसवला, आणि माझा जुना पान्हा लावून आवळला. मग अजून एक आटा आवळला. भिंतीच्या आत काहीतरी बारीक 'कट' वाजलं. लोखंडात तो आवाज आला की समजायचं, घट्ट बसलं. मी बायकोला हाक मारली. "ये, थेंब दाखव."

तिने बोट लावून बघितलं. थेंब नव्हता.

"सातशे वाचले," मी बोललो.

"आणि पाय धुऊन बाहेर या, सगळीकडे सफेदा लागतोय," ती बोलली.

थेंब नव्हता, कारण पाणी दुसरीकडून जात होतं. भिंतीतला प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा तुकडा, तडकलेला. सहा दिवस पाणी भिंतीच्या पोटातून शांतपणे खाली उतरलं, आणि खालच्या वहिनींच्या हॉलमध्ये निघालं.

खालच्या वहिनी म्हणजे आमच्या बरोब्बर खाली पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, पंचेचाळीसच्या आसपासच्या. त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच हॉलला पीओपीचं छत करून घेतलेलं. त्याच्या सत्यनारायणाला मी गेलेलो. वर बघून मी सगळ्यांसमोर बोललेलो, की डोक्यावर एवढा मोठा केक लावून माणूस खाली बसतो कसा. शिरा दोनदा घेतला आणि वर हे बोललो. आता त्या केकचा एक कोपरा पिवळा होऊन सोफ्यावर पडला होता. दिवे लोंबत होते. वहिनी वर आल्या, बायकोला बोलल्या, "काकू, जरा खाली येता का." आवाज चढवला नाही. मला तो चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग मलाही चढवता आला असता.

तोच प्लंबर आला. त्याने भिंत फोडली, एल्बो काढला, आणि माझ्या हातात ठेवला. पाइप, लादी, मजुरी मिळून माझी सगळी पाकिटं रिकामी झाली. लाइट, गॅस, औषध, आहेर, सगळी. ज्या नियमासाठी मी चार दिवस खोकलो, तो एका दुपारी एका भिंतीत गेला. आणि खालच्या छताचा खर्च अजून बाकी होता. कारागिराने वीस हजार सांगितले.

त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरी भला माणूस. बोलला, "काका, टेन्शन घेऊ नका. तूर्तास सोसायटीच्या फंडातून देऊ, तुम्ही दर महिन्याला थोडे थोडे परत करा."

आता कोणीही शहाणा माणूस इथे हो बोलला असता. पण 'परत करा' हा शब्द माझ्या कानात गेला, आणि समोर तीस माणसं बसलेली, ज्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेलो की मी कोणाचं देणं लागत नाही. मी उभा राहिलो. "पुढच्या रविवारी, अकरा वाजता, इथेच, सगळ्यांसमोर, रोख वीस हजार. उधारी नाही, हप्ता नाही. कोणाकडे हात पसरणार नाही. नाही दिले तर माझ्या घराचं पाणी तोडा."

बायको माझ्या बाजूला बसलेली. हळूच बोलली, "पाणी मी भरते, तुम्ही नाही."

सोमवारी मी बँकेत गेलो. तीच मुलगी.

"काका, ही मोडता येत नाही."

"माझे पैसे आहेत."

"तुम्हीच मागितलेली. मी विचारलेलं तुम्हाला." मग तिला माझी दया आली असावी. "चार वर्षांनी या. व्याज चांगलं मिळेल, सीनियर सिटिझनला अर्धा टक्का जास्त आहे."

चार वर्षांनी मी पंच्याहत्तरचा होणार होतो. रविवार सहा दिवसांवर होता.

मंगळवारी मी माझी हत्यारं पिशवीत भरून कल्याणला नेली. जुनी हत्यारं घेणारा एक दुकानदार तिथे होता. मायक्रोमीटर, डाय, टॅप, तीन पान्हे. माझ्या हिशोबाने पंधरा हजारांचा माल. त्याने पिशवी उघडून बघितलीच नाही, सरळ काट्यावर ठेवली. "चाचा, वजन से लेता हूँ." अकराशे चाळीस रुपये झाले. मायक्रोमीटर मी परत घेतला. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप घेतो, त्याला किलोवर विकायचं मला जमलं नाही. हातात आले हजार, आणि ते रिकाम्या किराणाच्या पाकिटात गेले.

गुरुवारी मुलाचा फोन आला. तो दिवा स्टेशनजवळ राहतो, घराचा हप्ता भरतो आणि वर पाण्याचा टँकरसुद्धा. त्याला आईकडून कळलेलं.

"बाबा, किती पाठवू? मोबाईलवरून आत्ता टाकतो."

"इथे नेटवर्क नाही," मी बोललो.

"बाबा, आपण फोनवरच बोलतोय."

मी फोन ठेवला. तो बिचारा स्वतः हप्त्यांच्या खाली दबलेला, आणि मी सगळ्यांसमोर बोललेलो, हात पसरणार नाही. त्या रात्री जेवताना बायकोने विचारलं, "किती झाले?"

"होतील."

"एक हजारचे वीस हजार?"

"बोललो ना, होतील."

ती उठली आणि साडी घेऊन खिडकीत बसली. तिला हल्ली सुई ओवता येत नाही. दोरा जिभेवर धरते, डोळा बारीक करते, तीन वेळा चुकते, चौथ्यांदा मला बोलवते. मी प्रत्येक वेळी सांगायचो, चष्म्याचा नंबर तपासून घे. सुई काही घेत नव्हतो. फिटर माणसाने साडीच्या सुईत दोरा ओवायचा, हे मला पटत नव्हतं.

शनिवारी भिशी होती. मी नेहमीप्रमाणे बागेत गेलो. बाकावर बसून, पाणी तोडल्यावर खालच्या टाकीतून कळशा कशा आणायच्या याचा विचार करत होतो. पायऱ्या बत्तीस. एका कळशीला दोन वेळा थांबावं लागलं असतं, आणि प्रत्येक थांब्यावर कोणीतरी दार उघडून बघितलं असतं.

पाच वाजता घरी आलो. बायका गेलेल्या, कपबशा पालथ्या घातलेल्या. देवासमोर नोटांची एक गड्डी होती, केसांना लावतात तसला हिरवा रबर गुंडाळलेला.

"हे काय?"

"वीस आहेत."

"कोणाकडून आणलेस? मी बोललो होतो..."

"माझ्या भिशीचे आहेत. कर्ज नाही, उधारी नाही. आता चहा ठेवू की तुमची चौकशी झाल्यावर?"

मी विचार केला. बायकोचा पैसा हा घरातला पैसा. घरातला पैसा म्हणजे माझा पैसा. माझ्या पैशासाठी मी हात पसरला असं कसं होईल? बावीस वर्षं जो पैसा मी पैशात धरला नव्हता, तो मी पाच मिनिटांत माझ्या नावावर करून घेतला. एवढ्या वेगाने कोणतीही बँक काम करत नाही. मी बोललो, "चहा ठेव."

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. अकराला दहा कमी असताना पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. लोक जमले, काही मुद्दाम आलेले. वहिनी आल्या. मी गड्डी दोन्ही हातांनी उंच धरली, मागच्यांना दिसावी म्हणून, आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती तशीच पिशवीत टाकली.

"मोजून घ्या," मी बोललो.

"असू दे, काका."

"असू दे नाही. व्यवहार आहे. सगळ्यांसमोर मोजून घ्या."

त्या जवळ आल्या आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलल्या. माझा डावा कान कारखान्यातच गेलाय. मी बोललो, "मोठ्याने बोला. लपवायचं काय आहे? सगळ्यांना ऐकू द्या."

त्यांनी एकदा माझ्या बायकोकडे बघितलं. मग बोलल्या, "मोजलेत, काका. काल मीच मोजून काकूंना दिले."

हिरवा रबर त्यांच्या पिशवीतून दिसत होता, आणि त्यांच्या वेणीला तसलाच दुसरा होता. मी तो चांगला दोन मिनिटं बघितला. मग सेक्रेटरीने वही उघडली आणि विचारलं, "काका, हे पैसे मिळाले एवढंच लिहू ना?"

"एवढंच लिहा," माझी बायको बोलली.

वर आल्यावर मी दार लावलं.

"ज्या बाईचं छत पाडलं, तिच्याचकडून पैसे आणलेस?"

"चिठ्ठी तिची निघाली. दुसरीची निघाली असती तर दुसरीकडून आणले असते."

"आणि तिने दिले?"

"मी विचारलं, मला नड आहे, या महिन्याची मला देतेस का. माझी निघेल तेव्हा तू घे. ती बोलली, घ्या."

"तिला माहीत होतं कशासाठी?"

"तिच्याच डोक्यावर पडलेलं, तिला माहीत नसेल?" तिने पदर खोचला. "गेल्या वर्षी तिच्या सासूचं ऑपरेशन होतं. तेव्हा चिठ्ठी माझी निघालेली. मी तिला दिली. मग तिची निघाली त्या महिन्यात तुमच्या दातांची कवळी केली. तुम्ही समजत होतात दात औषधाच्या पाकिटातून आले."

म्हणजे मिक्सर माझ्या तोंडात होता. महिनाभर ज्या तोंडाने मी बुडालेल्या बँकेचा विनोद केला, ते तोंड पुढे त्याच बँकेने बसवून दिलं.

मी खुर्चीत बसलो. मग माणसाने काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो, "यापुढचे तुझे हप्ते मी भरतो. किती राहिले?"

"सहा."

"सहाही भरतो."

"कोणत्या पाकिटातून?"

पाकिटं सगळी टेबलावर पडलेली, किराणातले हजार सोडले तर फक्त गणपती. ती पुढे बोलली, "माझी भिशी आहे, माझा हप्ता आहे, मी भरेन. बारा साड्या आल्यात शेजारच्या बिल्डिंगमधून, लग्नाच्या. उद्यापासून बसते." मग जाता जाता, "आणि वहिनींना सॉरी बोलायचं असेल तर पार्किंगमध्ये बोलू नका. घरी जाऊन बोला."

मी त्या दिवशी गेलो नाही. खोटं कशाला सांगू. त्यांच्या घरी कारागीर आलेला, त्याचा ठोकण्याचा आवाज वर येत होता, आणि तो चालू असताना खाली जायला माझा पाय उचलला नाही. पुढच्या आठवड्यात गेलो. छत पूर्ण झालेलं. मी वर बघितलं आणि चांगलं दिसतं बोललो. त्यांनी शिरा केला नव्हता, चहा दिला.

पण त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते सांगतो. साडेपाचला उठलो. ती पाणी भरत होती. मी तिचा शिवणाचा डबा घेतला, खिडकीत बसलो, आणि मायक्रोमीटर बघायची माझी भिंगाची काच डोळ्याला लावली. पहिल्या सुईला चार वेळा चुकलो. दुसरीला दोन वेळा. मग हात बसला. शेवटी माप ते मापच, लोखंडाचं काय नि दोऱ्याचं काय. साड्यांची गाठोडी उघडून रंग बघितले आणि त्या त्या रंगाचा दोरा ओवून, टोकाला गाठ मारून, एकेक सुई आहेराच्या रिकाम्या पाकिटावर टोचत गेलो. गणपतीच्या खाली ओळीने अकरा सुया झाल्या.

ती कळशी ठेवून आली, ओल्या हाताने पाकीट उचललं, खिडकीकडे धरलं आणि एकेक सुई बघितली.

"साड्या बारा आहेत," ती बोलली. "राणी कलर कुठे आहे?"

मी डब्यात राणी कलर शोधला आणि बारावी ओवली.